पावणेपाचची अल्लीपूर

जाम गावच्या चौकात बस आली की माझ्या ओळखीचा एक जण घड्याळ पाहतो, पेनानं तळहातावर वेळ लिहितो आणि घरी जाऊन आपल्या वेबसाइटवर टाकतो. पूर्वी तिथं वेळ पाहूनच लोक घरून निघायचे. आता सर्चमध्ये विचारलं की उत्तर वरच दिसतं. त्याच्या वेबसाइटवर कुणी जात नाही.

"माह्याच वेळा उचलून राह्यले," तो म्हणायचा. "ह्या चोरीवर कायदा येऊन राह्यला म्हणते. कवा येईन?"

चोरी पकडायला त्यानं एक खोटी गाडी टाकली: अल्लीपूर, पावणेपाच. दोन दिवसांत सर्चनं ती उत्तरात दाखवली. त्यानं मला मोबाइल दाखवला. आम्ही दोघंही हसलो.

त्याच संध्याकाळी एक म्हातारी पिशवी घेऊन थांब्यावर बसलेली दिसली.

"पावणेपाचची हाय ना, बाबू? नातीनं मोबाइलात पाह्यली."

तो तिला मोटरसायकलवर बसवून थेट अल्लीपूरला सोडून आला, आणि आल्या आल्या वेबसाइटवरची ती ओळ पुसली.

सर्चच्या उत्तरातून ती गाडी अजून गेलेली नाही. तो रोज पावणेपाचला मोटरसायकल घेऊन थांब्यावर उभा असतो.

"काऊन थांबता?" परवा मी विचारलं.

"गाडी म्याच लावली ना," तो म्हणाला, आणि बाकावरचे चेहरे पाहत राहिला.