केळव्याला निघालो आणि फरशीपुलावर अडकलो

सिन्नरहून केळव्याला जायचं ठरलं तेव्हा मला शीतलादेवीचं दर्शन, समुद्र आणि भरपूर झोप, एवढंच हवं होतं. मंगलला, म्हणजे माझ्या बायकोला, बोईसरजवळ सरावलीत राहणाऱ्या तिच्या धाकट्या भावाकडे जायचं होतं. मी म्हटलं, वाटेत एक चहा घेऊ आणि पुढे जाऊ. आमच्या सहलीचं जे काही झालं ते त्या चहापासून झालं.

त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड असा रस्ता आहे. जव्हारपर्यंत घाट सुंदर आहे आणि खड्डेही आहेत, त्यामुळे एकाच वेळी दोन्हींकडे बघता येत नाही. मनोरला हायवेला लागलो आणि चिल्हार फाट्यावरून बोईसरकडे वळलो. या पट्ट्यात ट्रेलरच्या मागे अडकलात तर ओव्हरटेकचा विचार सोडा आणि नामस्मरण करा. मी तेच केलं. तरी बोईसरच्या नाक्यावर माझ्या तोंडून जे शब्द निघाले ते नामात बसणारे नव्हते.

मेव्हणा प्रकाश औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याने चहा दिला आणि लगेच विषय काढला. "दाजी, उद्या थोडा वेळ आहे का? तुम्ही बोलता नीट, शर्टही बरा घालता."

"कशाला?"

"आमच्या खानावळीत भाकऱ्या करते ना, जानकी. तिच्या नवऱ्याचं काम आहे. पाकिस्तानात आहे तो."

मला वाटलं थट्टा करतोय. तेवढ्यात जानकी दारात येऊन उभी राहिली, ओले हात पदराला पुसत. तिशीची बाई, बोलणं तुटक. तिचा नवरा लहानू गुजरातच्या बोटीवर खलाशी म्हणून जायचा. इकडच्या डोंगरातले बरेच जण भातशेती आटोपली की जातात. बोट चुकून पलीकडच्या पाण्यात गेली आणि सगळे धरले गेले. लहानूची शिक्षा कधीच संपली आहे. त्याच्याच बोटीवरचा एक जण सुटून आला, त्याने निरोप आणला: आपल्या वकिलातीचे लोक तुरुंगात येऊन भेटले, त्यांनी नाव-गाव विचारून घेतलं, तिकडचे अधिकारीही सोडायला तयार आहेत. फक्त हा माणूस भारतातलाच आहे, एवढं इकडून कळायला हवं.

"मग कळवलं नाही का?"

"इच्चारायला आलं व्हतं ना," जानकी म्हणाली. "गावात बोलले, असा मानूस आमचा नाय."

मी प्रकाशकडे पाहिलं. तो म्हणाला, "एका नाही, दोन गावांनी सांगितलं."

ते समजून घेण्यात माझा दुसरा चहा गार झाला. लहानूचं मूळ गाव ओहोळाच्या एका बाजूला आणि जानकीचं दुसऱ्या बाजूला. तिच्या बापाला मुलगा नाही, म्हणून लहानू तिच्या घरी राहायला आला, सासऱ्याची शेती करू लागला. त्या भागात बरेच जण असे एकत्र राहतात आणि लग्न सवडीने, कधी कधी मुलं झाल्यावरही लागतं. त्यात तिकडे कोणाला वावगं वाटत नाही. यांचं लग्न लागायचं होतं, तेवढ्यात तो बोटीवर गेला. तुरुंगात त्याने राहतो ते गाव सांगितलं, म्हणजे जानकीचं. चौकशी तिथे आली तेव्हा तिथले पोलीस पाटील म्हणाले, लग्न लागलेलं नाही, तो आमचा जावईच नाही, त्याच्या गावात विचारा. त्याच्या गावातल्या पाटलाने सांगितलं, तो सासऱ्याकडे गेला, आता आमचा राहिला नाही. दोघेही खोटं बोलत नव्हते. मला त्याचाच जास्त राग आला.

संध्याकाळी केळव्याला पोचलो. नारळी-पोफळीच्या वाडीतलं घरगुती राहणं मिळालं, दोघांना दोन वेळच्या जेवणासकट परवडलं. शनिवार-रविवार टाळा, मुंबईची गर्दी असते. थंडीत गेलात तर उकडहंडी मागा. कंद, वालाच्या शेंगा आणि वांगी मडक्यात घालून बिनपाण्याची उकडतात. मंगलने तळलेले बोंबील मागवले. माझा सोमवार होता.

सकाळी देवीच्या देवळात बसलो. मला मागण्यासारखं काही सुचत नाही, मी नुसता बसतो. पण त्या दिवशी डोळे मिटले तरी दोन पोलीस पाटीलच दिसत होते. उठलो, समुद्राकडे पाठ केली आणि गाडी परत बोईसरकडे घेतली. मंगलने पिशवीतून पोहायचे कपडे काढून मागच्या सीटवर ठेवले, मला दिसतील असे.

बोईसरला जानकीला गाडीत घेतलं. तिचं गाव बोईसरच्या पूर्वेला, डोंगराच्या बाजूला आहे. शेवटचा तुकडा कच्चा, छोट्या गाडीचं पोट घासतं. तिथले पाटील साठीचे, शांत माणूस. त्यांनी खाट टाकली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. "त्यांनी सांगावा ना, पोरगा त्यांचा हाय. आमी कसा सांगनार? लगीन लागला नाय."

"मग त्यांना इथे बोलावू या."

"त्ये यायचे नाय. लगीन ठरवाया पोराकडचे येतात. नुसते कशे येतील?"

"मग तुम्ही चला."

"आमी पोरीकडचे. आमी पयला जायाचा नसतो."

मी ओहोळापलीकडे गेलो. तिथला पाटील तरुण, मोटारसायकलवाला, हातात दोन मोबाइल. त्याने माझंच बोलणं मला ऐकवलं, उलट्या बाजूने. "बोलावना नाय तर आमी कसे जानार? पुढं कुनी बोलंल, लग्नाचा ठरवून आले."

"कोणी काही बोलणार नाही."

"तुमी आमचे गावात राहात नाय, म्हनून."

या दोन गावांमध्ये एक फरशीपूल आहे. पावसाळ्यात त्यावरून पाणी जातं, एरवी बकऱ्या बसतात. तीन फेऱ्या मारून, एकाचं म्हणणं दुसऱ्याला पोचवून शेवटी ठरलं की पुलाच्या मधोमध भेटायचं, म्हणजे कोणीच कोणाकडे गेलं असं होत नाही. तरी म्हातारे पाटील अलीकडच्या टोकाला कठड्यावर बसले, तरुण पलीकडच्या टोकाला. मी मधे, उन्हात. बकऱ्या हलल्या नाहीत.

बोलणी सुरू झाली ती जुन्या गोष्टींवरून. कोणाच्या गुरांनी कोणाचं भात खाल्लं, कोणाच्या हळदीला कोणाला मागे बसवलं. मी मधेच म्हणालो, "अहो, माणूस तुरुंगात आहे." दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच विषय सोडून बोलतोय.

जानकी आतापर्यंत माझ्या गाडीला टेकून उभी होती. ती पुढे आली. "काका," ती म्हाताऱ्यांना म्हणाली, मग तरुणाकडे वळली, "आन तूपन ऐक. तिकडं पाकिस्तानवाले बोलाया बसले. दिल्लीवाले जाऊन त्याला भेटले. त्यांची काय सोयरीक हाय? आन तुमी दोघं, एकाच ओहोळाचा पानी पिता, तुमाला हा पूल वलांडवत नाय. तुमचेपक्षा त्ये बरे."



मग तरुण पाटील उठला आणि चालत अलीकडे आला. म्हाताऱ्यांनी सरकून जागा दिली. "बस. तंबाखू हाय का?"

मी तिथेच देवाचे आभार मानले. ते लवकर मानले, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे पालघरला गेलो, संबंधित कार्यालयात. दोन्ही पाटील, जानकी, मी आणि मंगल एका छोट्या गाडीत. पार्किंग लांब आहे, उन्हातून चालावं लागतं. जाणार असाल तर सकाळीच जा. टेबलामागच्या साहेबांनी दोघांचे जबाब ऐकले. म्हातारे म्हणाले, लहानू आमच्या गावचा आहे. तरुण म्हणाला, लहानू आमच्या गावचा आहे. रात्रीतून दोघांनाही माणुसकी सुचली होती आणि आता कोणीच मागे हटायला तयार नव्हतं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आधी एकाचाही नव्हता, आता दोघांचा झाला. एक गाव ठरवा."

"आमचे गावात जन्मला," तरुण म्हणाला.

"आमचे घरात जेवतो," म्हातारे म्हणाले.

"काल तर बोलत व्हता जावई नाय."

"काल तू बोलला, गेला त्यो गेला."

मंगल माझ्या कानात म्हणाली, "अजूनही केळव्याला जाता येईल." मी उठायलाच लागलो होतो.

जानकी बसूनच बोलली. "साहेब, त्यानी तिकडं माजा गाव सांगितला. दुसरा लिवला तर त्यो खोटा पडंल. मंग त्ये परत इच्चारतील, आजून वरीस जाईल. माजाच लिवा. जन्म यांचे गावचा, त्योपन लिवा. दोनी खरा हाय."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग पाटलांकडे. "हे आधीच दोन्ही गावांनी सांगितलं असतं तर?"

"आमाला दोघांना एका टायमाला कुनी इच्चारलाच नाय," म्हातारे पाटील म्हणाले. साहेबांनी पेन उचललं आणि लिहायला घेतलं.

दोघांच्या सह्या झाल्या. बाहेर वडापाव खाल्ले, आणि तिथे पैसे कोणी द्यायचे यावरून पुन्हा वाद झाला. मी दिले आणि विषय मिटवला.

समुद्र शेवटी दिसला तो संध्याकाळचा, जेमतेम तासभर. परतीचा घाट ऊन चढायच्या आत पार करायचा म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघालो. केळवं छान आहे, जा. फक्त वाटेत कोणाकडे चहा घेऊ नका, असं मी हे लिहायला बसलो तेव्हा पहिल्या ओळीत लिहिलं होतं. मग खोडलं. दोन देशांची बोलणी फिसकटली की मी टीव्हीसमोर बसून वैतागतो, मोठ्या लोकांना एवढंही कसं जमत नाही म्हणून. आता वैताग तेवढाच येतो, पण मोठ्या लोकांचा नाही. माझा आणि माझ्या सख्ख्या चुलत्याचा बांधाला बांध आहे. आमच्यात कोणी आधी कोणाच्या दारात जायचं, हे गेल्या दिवाळीपासून ठरत नाहीये.

परवा जानकीचा फोन आला होता. लहानू अजून सुटलेला नाही, पण पुढच्या वेळी सोडतील त्यात त्याचं नाव आहे, असं तिला सांगितलं गेलंय. सुटलेल्यांना बडोद्याला आणतात म्हणे, तिथून घेऊन यायचं. आणायला कोणत्या गावाने जायचं यावरून दोन्ही पाटलांचं पुन्हा जुंपलंय. मी वैतागून म्हणालो, "दोघांनाही पाठव, म्हणजे मिटलं."

"आन मी?" ती म्हणाली. "मी काय घरात बसू?"