बिनक्लचचा गिअर

आमच्या ठेकेदारानं जीपमध्ये बिनक्लचचा गिअर बसवायचं काढलं, तेव्हा माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हाच, की हा माणूस मला घरी बसवायच्या बेतात आहे.

एकोणीसशे पन्नास साल उलटून गेलं होतं. धानोऱ्याकडच्या जंगलात त्याचा बांबू आणि सागवानाचा ठेका होता आणि मी त्याचा ड्रायव्हर होतो. जीप लढाईनंतर लिलावात निघालेली, अमेरिकन, स्टिअरिंग डाव्या हाताला. तिचं इंजिन पार कामातून गेलं होतं. त्याच सुमारास एका जमीनदाराची लांबलचक मोटर नाल्यात उलटली. वरचा टप चेपला, इंजिन मात्र ठणठणीत. ठेकेदारानं ते उचललं, आणि त्याच्या पाठोपाठ तो गिअरही आला.

चांद्याच्या मिस्तरीनं त्याला दोन वाटा सांगितल्या. "जीपचा जुना गिअर ठेवता येते, नाई तं मोटरचाच लावून देतो. त्याच्यात क्लचच नाई, भाऊ. आत तेल फिरते अन् गिअर आपल्या मनानं पडते. रेतीत तापन थोडा, पण चालवाले लोणी."

"मोटरचाच लाव," ठेकेदार म्हणाला. जरासुद्धा विचार केला नाही. तिथेच मला वास आला.

लोणी, पण कोणासाठी? ठेकेदाराचा साळा, म्हणजे बायकोचा भाऊ, नागपूरहून येऊन ठाण मांडून बसला होता. अंगात रेशमी शर्ट, पायात चकचकीत बूट, आणि जीप चालवायची भारी हौस. पण क्लच कधी दाबायचा नि कधी सोडायचा, हे त्या पठ्ठ्याला जन्मात कळणार नव्हतं. एकदा माझ्या नकळत गाडी घेऊन गेला आणि क्लचप्लेट जाळून आला. आता क्लचच नाही म्हटल्यावर कोणीही बसावं आणि चालवावं! मग ड्रायव्हरला काय, आरती ओवाळायला ठेवणार होते?

दुसरी भीती माझ्या पोटातच होती. आदल्या उन्हाळ्यात बैलगाडीवरून सागाचा ओंडका घसरला आणि माझ्या डाव्या गुडघ्यावर आला. विहिरीवर पाय घसरला, असं मी सगळ्यांना सांगितलं. गुडघा वरून बरा दिसायचा, पण क्लच दाबताना आत सुरी फिरायची. जंगलात लंगडा ड्रायव्हर कोण ठेवतो? शेताचा तुकडा नाही, दुसरा धंदा येत नाही. स्टिअरिंग गेलं की चूल बंद. बायकोला सोडून मी कोणाला कळू दिलं नव्हतं.

मिस्तरीनं मधला जोड बनवला, शाफ्ट कापून बसवला आणि गाडी उभी केली. पहिल्यांदा ती जंगलात नेली तेव्हा, खोटं कशाला सांगू, मला गाणं म्हणावंसं वाटलं. डावा पाय नुसता बसून. नाला आला, चढ आला, गाडी आपली गुमान वर. गुडघा दुखत नव्हता, आणि त्याचाच मला राग येत होता. बाजूला ठेकेदार माझ्याकडे बघत बसला होता.

"कसा आहे गिअर?"

"ठीक आहे," मी म्हटलं. याला जास्त चांगलं म्हटलं की उद्या साळा माझ्या जागेवर, हे मी पुरतं ओळखून होतो.

पण त्या गिअरला एक खोड होती. आमच्याकडे जंगलातला कोणताही ड्रायव्हर गाडी सपाटीवर उभी करत नाही. बॅटरीचा काय भरवसा? गाडी उतारावर लावायची, निघताना सोडायची आणि क्लच सोडून सुरू करायची. उतार कमी पडला तर तोडीवरचे मजूर आहेतच धक्क्याला. एके दिवशी बॅटरी बसली. मी रीतसर उतारावर सोडली. गाडी गडगडत खाली गेली, ढिम्म! मजुरांनी धक्का मारला, तरी ढिम्म. हा गिअर असल्यावर गाडी चांगली पळाल्याशिवाय इंजिन धरतच नव्हतं, आणि त्या इंजिनाला हँडल मारायची सोयही नव्हती. मजूर हसून हसून खाली बसले. शेवटी लाकडाचा ट्रक आला, त्याची बॅटरी लावली, तेव्हा आम्ही हललो.

मला तर आयतंच सापडलं. "भाऊ, हा गिअर जंगलात नाई चालत. काढून टाका. क्लचवालाच पायजे."

"दुसरी बॅटरी संगं ठेवू ना."

"ते बी बसली तं?"

तो हळूच म्हणाला, "इचार कर, बाप्पा. पायाले आराम आहे ना पण?"

"माह्या पायाले का धाड भरली?" मी असा काही उसळलो की मागे बसलेला चौकीदार दचकला. ठेकेदारानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि विषय सोडला. नंतरही दोनदा त्यानं विचारलं, आणि दरवेळी मला वाटलं, बघा कसा गोड बोलून कबूल करून घेतो आहे. शेवटी म्हणाला, "गाडी तू चालवतो. तू म्हणशीन तसं."

मी जिंकलो. बिनक्लचचा गिअर निघाला, नागपूरच्या एका माणसानं नेला. जुना बसला. पण इंजिन जोरकस, म्हणून मिस्तरीनं क्लचला तशीच दणकट स्प्रिंग घातली. पेडल दाबायचं म्हणजे सबंध अंगाचा भार टाकावा लागे. पहिल्याच दिवशी डोळ्यांत पाणी आलं. रस्त्यावरची धूळ गेली म्हणालो.

मग तो नाला आला. पलीकडचा चढ उभा. अर्ध्यात गिअर बदलायला क्लच दाबला आणि गुडघ्यानं दगा दिला. पाय उचलेना, खाली जाईना. गाडी मागे घसरायला लागली. ठेकेदारानं झेप घेऊन हँडब्रेक ओढला. गाडी थांबली ती पाण्याच्या काठाशी.

मी दोन्ही हातांनी गुडघा धरून बसलो होतो, आता लपवायला काही उरलंच नव्हतं.

"याच्याचसाठी आणला होता तो गिअर," तो म्हणाला. "गाडीतून उतरताना तू हातानं पाय उचलते. मले दिसत नाई का?"

"अन् साळा?"

"त्याले कोण गाडी देते! प्लेट जाळली तवाच त्याले सांगितलं, जीपले हात लावायचा नाई."

"मंग मले सांगितलं काऊन नाई?" मी ओरडलोच त्याच्यावर.

"तू साऱ्या दुनियेपासून लपवून राह्यला होता. मी कसा उघडं पाडू तुले?"

मला त्याचे पाय धरावेसे वाटले आणि त्याच्या थोबाडीत मारावीशीही वाटली. तो गिअर परत मिळेल का, हे विचारायचं तोंड मला उरलं नव्हतं.

तो फिरून माझ्या बाजूला आला. "सरक तिकडं," म्हणाला. मी सरकलो. त्यानं क्लच दाबला, गाडी चढ चढली, आणि मी त्या जीपमध्ये पहिल्यांदाच उजवीकडे, ठेकेदाराच्या जागेवर बसून घरी आलो.