बग्गीला अर्थ कुठून द्यायचा?

पार्किंगमध्ये भंगार साचतं तसे किस्सेही साचतात. आधी कोपऱ्यात एक मोडकी सायकल उभी राहते, मग तिला टेकून कुणाचं तरी टायर येतं, मग बंद पडलेला कूलर. टाकून कुणी देत नाही आणि घेऊनही कुणी जात नाही. करावे गावात आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दीड वर्ष दर रविवारी आम्ही तिघं एका बग्गीभोवती बसत होतो, त्यातून हे एवढे जमले. ऐकताना हसू येईल. मलाही तेव्हा आलं होतं, आता तेवढं येत नाही.

तिघं म्हणजे जगू, साळवे आणि मी. जगू बिल्डिंगचा मालक, पण हाडाचा वेल्डर. तळोज्याच्या कारखान्यात निम्मं आयुष्य काढलेला. साळवे दिघ्याहून येणारा वायरमन, आमच्या भागातल्या तीन-चार सोसायट्यांचे मीटर आणि पंप तोच बघतो. मी बेलापूरला सरकारी ऑफिसात क्लार्क आणि जगूचा भाडेकरू.

शिवाय जगूचे वडील, नाना. जन्मभर खाडीत मासे धरले आणि शेवटी शुगरनं डावा पाय गुडघ्याखालून नेला. नऊ वर्षं मी त्यांच्या घरात राहतोय, पण नानांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. "ए भारेकरी!" म्हणजे भाडेकरी. बस्स, एवढंच.

*

बग्गी सुचली ती व्हीलचेअरमुळे.

हॉस्पिटलातून घरी आल्यापासून नानांचा एकच धोशा होता. "मना होरीजवल न्या." होरी म्हणजे त्यांची होडी. ती खाडीच्या टोकाला लावलेली, आणि तिथपर्यंत जायला फक्त मातीचा बांध, दोन्ही बाजूंना तिवरांची झाडी. रिक्षा जात नाही. एके दिवशी जगू व्हीलचेअर ढकलत निघाला, तर निम्म्या वाटेत पुढची दोन बारकी चाकं चिखलात रुतली ती रुतलीच. शेवटी गावातल्या चौघांनी नानांना खुर्चीसकट खांद्यावर घेतलं आणि भर गावातून परत आणलं. माणसं दारात येऊन बघायला लागली.

नाना वरून ओरडले, "अरं, खाली ठेवा! चौघांची वेल अजून आली न्हाय!"

सगळं गाव हसलं. जगूला मात्र ते लागलं. त्याच दिवशी त्यानं आपली जुनी मोटरसायकल गोणपाटाखालून बाहेर काढली आणि मला खाली बोलावलं.

"भाऊ, याचं इंजिन काढू. पाइपचा सांगाडा मी करतो, चार जाडी चाकं लावू. बापाला मी स्वतः बसवून नेतो."

*

सांगाडा जगूचा, तर वायरिंग माझ्याकडे. कारण काय, तर नेटवरून 'सोपं वायरिंग' असं चित्र शोधून ऑफिसात त्याची प्रिंट मी काढली होती! एवढ्या भांडवलावर मी इंजिनिअर झालो.

गाडीतून वायरींचा जो गुंता निघाला तो बघून साळवे म्हणाला, "साहेब, चार माळ्यांची बिल्डिंग वायर होईल यात."

मी म्हटलं, नको ते कागद काढून फाइल बारीक करण्यात माझी अख्खी नोकरी गेली, बघत राहा. इंडिकेटर? काढा. हॉर्न? काढा. बॅटरी? किक मारून चालू होतं ना, मग काढा. उरल्या ठिणगीपुरत्या वायरी. करंट तयार करणाऱ्या इंजिनातल्या मॅग्नेटोपासून एका काळ्या डबीला, डबीपासून कॉइलला, कॉइलपासून प्लगला. आणि एक वायर इंजिन बंद करायच्या बटणाला.

जगू कावराबावरा. "अरे, ब्रेक लाइट तरी?"

"बांधावर तुझ्या मागून कोण येणार आहे?"

"खेकडे," जगू म्हणाला आणि स्वतःच ती वायर कापली.

*

घोळ झाला तो अर्थावरून.

वायरमन लोक अर्थिंगला नुसतं 'अर्थ' म्हणतात. अर्थ कुठून घेतला, अर्थ लागतोय का, अर्थ तुटलाय वाटतं. नवख्या माणसाला वाटेल, इथं व्याख्यान चाललंय. आता मोटरसायकलीत कसं असतं, प्रत्येक वस्तूला एकच वायर जाते आणि परतीचा करंट गाडीच्या लोखंडातूनच येतो. म्हणजे बॉडी हाच अर्थ. निम्म्या वायरी तिथंच वाचतात. माझ्या कागदावरच्या सोप्या वायरिंगचं सगळं सोपेपण एवढंच होतं.

साळवेनं कागद बघितला आणि खाली ठेवला.

"बॉडीत करंट? नाही साहेब. जाणारी वायर वेगळी, येणारी वेगळी. प्रत्येकाला दोन टाकू."

"साळवे, जगातल्या सगळ्या गाड्या अशाच चालतात!"

"चालत असतील. म्हाताऱ्या माणसाला लोखंडावर बसवायचं अन् त्याच लोखंडात करंट सोडायचा? माझ्या हातानं व्हायचं नाही."

जगू वैतागला. "अरे, त्यानं उंदीर पण मरत नाय!"

साळवेनं पक्कड, टेस्टर, टेप एकेक करून पिशवीत टाकलं आणि निघून गेला. दोन रविवार फिरकलाच नाही.

मी ऑफिसात हा किस्सा रंगवून सांगितला. "आमच्या बग्गीत सगळं आहे हो, नुसता अर्थ नाही!" लोक खूप हसले. मीही त्यांच्याबरोबर हसलो.

*

ते दोन रविवार जगू आणि मी एकटेच भिडलो. माझ्या कागदाबरहुकूम जोडणी केली. किक, किक, किक. ठिणगीचा पत्ता नाही! जगूची पोटरी सुजली. मग माझी सुजली. नाना खुर्चीतून मजा बघत होते. "वल्हवा आता!" म्हणाले.

तिसऱ्या रविवारी साळवे आला. जणू काही झालंच नव्हतं असा बसला, टेस्टरच्या दोन पिना इथं-तिथं लावल्या आणि मान वर केली.

"याला रंग कुणी दिला?"

"मी दिला," जगू अभिमानानं म्हणाला. "तीन हात! खाडीची खारी हवा आहे, लोखंड खाऊन टाकते. सांध्यांच्या आतून पण मारलाय, नट-बोल्टला पण."

"अन् इंजिनाखाली ही फळी?"

"मशीन लाकडावरच बसवतात ना! होडीत कसं असतं?"

कोळ्याच्या पोरानं मोटरगाडी बांधली होती ती होडीसारखी! जाड रंगाखाली लोखंड लोखंडाला टेकत नव्हतं आणि इंजिन बसलं होतं सुक्या लाकडावर. करंट परत येणार कुठून? ही चूक करायला करावे गावातच जन्मावं लागतं.

"तुमच्या बॉडीला अर्थ नाहीच," साळवे म्हणाला. "टाकू का आता दोन वायरी?"

*

त्याच दिवशी चहा पिताना जगूनं त्याला विचारलं, की तू एवढ्याशा करंटला का भितोस. विचारलं चेष्टेतच.

साळवे कप हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "आमच्या दिघ्याच्या घराला पत्रे होते. मीटरवरून आलेली वायर पत्र्याला घासून सोलली होती. कपडे वाळत घालायची तार त्याच पत्र्याला बांधलेली. पावसाचे दिवस. बायको ओले कपडे घेऊन गेली."

त्यानं उरलेला चहा एका घोटात संपवला.

"मी कुठं होतो माहितीये? सोसायटीत एका मॅडमच्या गीझरचा अर्थ चेक करत होतो."

त्यानं कप खाली ठेवला आणि पुन्हा कामाला बसला. जगू उठला, हार्डवेअरच्या दुकानात गेला आणि काळ्या वायरचं अख्खं बंडल घेऊन आला. हा किस्सा मी ऑफिसात सांगितला नाही.

*

इंजिन चालू झालं तो दिवस मात्र बघण्यासारखा होता.

साळवेनं प्रत्येक वस्तूची येणारी वायर वेगळी ओढून थेट इंजिनाला आणली होती. राहिलं होतं फक्त बंद करायचं बटण. त्याला अर्थ मिळाला की ठिणगी मरते आणि इंजिन थांबतं. तेवढ्यात शेजारच्या सोसायटीचा पंप बंद पडला म्हणून त्याला बोलावणं आलं. जाता जाता तो म्हणाला, "बटणाला हात लावू नका, मी येतो."

मी हात लावला! कागदात दाखवल्याप्रमाणे बटणाची दुसरी वायर सांगाड्याला स्क्रू मारून टाकली. तीन हात रंग दिलेल्या सांगाड्याला.

जगूनं किक मारली. धडधडधड! पार्किंगभर धूर. जगू उडी मारून बसला, गिअर टाकला आणि बग्गी चक्क चालायला लागली. एक खांब, दुसरा खांब, वळसा. मग त्यानं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. ब्रेक बसवायचे बाकी होते आणि क्लचची केबल पहिल्याच वळणावर निसटली होती.

"भाऊ, थांबत नाय!"

"पेट्रोलची चावी बंद कर!"

"हात पोचत नाय!"

तो गोल गोल फिरतोय, मी मागून पळतोय आणि नाना खुर्चीत टाळ्या वाजवतायत. "अजून एक! अजून एक!" पाय गेल्यापासून माणूस एवढा खूश कधी दिसला नव्हता. शेवटी मी धावत जाऊन प्लगवरची टोपी उपटली. इंजिन थांबलं आणि मी चार फुटांवर उताणा पडलो. दंडापर्यंत मुंग्या, डोळ्यांपुढे काजवे.

जगू हसत हसत खाली उतरला. "भाऊ, कळला का आता अर्थ?"

मलाही हसू फुटलं. आणि त्याच वेळी गेटमधून साळवे आत आला. त्यानं जमिनीवर पडलेला मी पाहिला, पिशवी टाकली आणि पळत सुटला. येऊन छातीला कान लावला, मनगट धरलं. मी म्हणतोय, "अरे, ठीक आहे मी, हसतोय बघ," पण त्याच्या कानात काही शिरत नव्हतं. त्यानं मनगट इतकं घट्ट दाबलं होतं की नाडी त्याची लागत होती की माझी, त्यालाच ठाऊक.

"भारेकरी, जित्ता हास ना?" नाना तिकडून विचारत होते.

साळवेनं मनगट बराच वेळ सोडलं नाही. मला फार लाज वाटली.

*

पुढच्या तीन रविवारांत ब्रेक झाले, केबल झाली, बटण साळवेनं स्वतःच्या हातानं लावलं. बग्गी तयार! आणि आता जगूच टाळाटाळ करायला लागला. कधी सीटला फोम हवा, कधी हॉर्नच बसवू या. नाना रोज सकाळी चड्डी-शर्ट घालून, टोपी चढवून तयार बसायचे. "आज ना?" जगू म्हणायचा, "उद्या, नाना."

मी त्याला जिन्यात गाठलं. "तुझं चाललंय काय? म्हातारा किती वाट बघणार?"

जगू कठड्याला टेकला. "होडी नाय, भाऊ."

"नाही म्हणजे?"

"या पावसाळ्यात गेली. दर वर्षी नाना तिला डांबर लावायचे, औंदा कुणी लावलं नाय. फळ्या उकलल्या. मोठ्या भरतीला फुटून वाहून गेली. मी जाऊन बघून आलो, खुंटा पण नाय राहिला."

मी मनात महिने मोजले. साळवे रुसून गेला होता ते दोन रविवार, तीन हात रंग, पोटरी सुजेपर्यंत मारलेल्या किका, सगळं त्याच पावसाळ्यातलं. आम्ही पार्किंगमध्ये अर्थावरून भांडत होतो आणि तिकडे होडी एकेक फळी करून चालली होती. मी बाहेरचा माणूस, पण तिथंच पायरीवर बसलो.

"सांगून टाक त्यांना," मी म्हटलं.

"तुमी सांगा," जगू म्हणाला.

सांगितलं कुणीच नाही.

*

शेवटी नानांनीच दिवस ठरवला. एका सकाळी स्वतःच सरकत सरकत खाली आले आणि बग्गीत चढून बसले. साळवे आणि मी होतोच. जगूनं आमच्याकडे पाहिलं, आम्ही दुसरीकडे पाहिलं.

इंजिन पहिल्या किकेला सुरू झालं. जगू चालवायला, शेजारी नाना, मागून आम्ही दोघं चालत. बांधावर चाकं कुठंही रुतली नाहीत. एवढं चांगलं चालेल असं आम्हालाही वाटलं नव्हतं! नाना दोन्ही हातांनी पाइप धरून ताठ बसले होते आणि वाटेतलं एकेक झाड बघत होते. जगू मात्र हळू, अजून हळू जात होता. माणूस सहज चालत पुढे गेला असता.

तिवरं संपली आणि खाडी उघडी झाली. ओहोटी होती. पाण्यापर्यंत नुसता सपाट, घट्ट चिखल, त्यावर दोन बगळे. बाकी काही नाही. साळवेनं माझा दंड धरला. जगूनं बग्गी थांबवली नाही. समोर बघत, जिथं होडी असायची त्या मोकळ्या जागेवरून सरळ पाण्याच्या दिशेनं काढली.

नानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"जगू, जरा डाव्या बाजून घे."

"का, नाना?"

"होरीला लागल."

जगूनं पुढच्या चिखलाकडे पाहिलं. मग हँडल डावीकडे वळवलं आणि बग्गी लांबचा वळसा घालून पाण्याकडे गेली.