मागच्या डाव्या चाकाचा आवाज

ग्रीसला मी माझ्या मर्जीनं गेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. मुलीनं नेलं. बायको जाऊन आठ महिने झाले होते आणि मुलीच्या मते मी घरात बसून कुजत होतो. मी कुजत नव्हतो. मी बसलो होतो. दोन्हींत फरक आहे, पण तो जर्मनमध्ये सांगायला मला जमत नाही आणि मराठीत सांगितला तर तिला अर्धाच पोचतो. ती जन्मली इथे जर्मनीत, वाढली इथे. मी मराठीत बोलतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते. खाली तिचं बोलणं मी माझ्या भाषेत लिहिलंय.

मी स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात राहतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. शाळा सातवीपर्यंत. पिंपरीला फिटर होतो, तिथून ट्रेनिंगला जर्मनीत पाठवलं आणि मी इथेच चिकटलो. इथल्या गाड्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची एकोणीस एकाच कामावर. तयार झालेली गाडी खडबडीत ट्रॅकवर न्यायची आणि ऐकायचं. कुठे खडखड, कुठे किरकिर, दाराचं रबर, सीटखालचा ढिला स्क्रू. शिकलेले इंजिनियर माइक लावून बसायचे आणि शेवटी मला बोलवायचे. बायको म्हणायची, "अहो, तुम्हाला जगातलं सगळं ऐकू येतं, मी मारलेली हाक सोडून."

खोटं होतं ते. तिचं मला ऐकू यायचं.

गेल्या वर्षी दुपारी ती आडवी पडली की तिच्या छातीत आवाज यायला लागला. बारीक, श्वास आत घेताना, ओल्या कापडावरून बोट ओढावं तसा. पहिल्या दिवशी मी काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बोललो. ती म्हणाली, "मी काय तुमची गाडी आहे का? गप पडू द्या जरा." डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला, सर्दी उतरलीये, हवा बदलतेय, गरम पाणी घ्या. मी म्हटलं, आवाज वेगळा आहे. तो हसला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, तो डॉक्टर आहे, तुम्ही नाही. तिघं एका बाजूला, मी एकटा दुसऱ्या बाजूला. मी गप्प बसलो. अकरा दिवस गप्प बसलो. छातीत पाणी झालं होतं. अॅम्ब्युलन्सवाले तिला तिसऱ्या मजल्यावरून खुर्चीत बसवून उतरवत होते तेव्हासुद्धा तिनं मला सांगितलं, गॅस बंद केलाय का बघा. ती वर परत आली नाही.

आता मुलीचं. ती माझ्यापासून दोन तासांवर, एश्बॉर्नला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तिच्या घरापासून दहा मिनिटांवर म्हाताऱ्यांसाठी खोल्या आहेत, बेट्रॉयटेस वोनन म्हणतात. वृद्धाश्रम नव्हे, हे तिनं मला इतक्या वेळा सांगितलं की मला तो वृद्धाश्रमच वाटायला लागला. तळमजला, स्वतःची किचनेट, भिंतीवर लाल बटण. दाबलं की माणूस धावत येतो. एक खोली रिकामी झाली होती आणि शुक्रवारपर्यंत सही हवी होती, नाहीतर यादीतल्या पुढच्या म्हाताऱ्याला जाणार. बुधवारी आम्ही नॅक्सॉस बेटावर होतो आणि करारनामा तिच्या पर्समध्ये होता. तीन दिवस ऊन, समुद्र, आमच्या दोघांसाठी वेगळी गाडी आणि जर्मन बोलणारा गाईड. गोड खाऊ घालून सही घ्यायची हा बेत. मला तो विमानात बसायच्या आधीच कळला होता.

सकाळी नऊला गाईड हॉटेलच्या दारात उभा. पन्नाशीचा, पिकलेल्या मिशांचा. तोच ड्रायव्हर, तोच गाईड. मी म्हटलं, आता मोडकंतोडकं जर्मन ऐकावं लागणार. तर हा अस्सल श्वाबिश बोली बोलायला लागला, आमच्या गल्लीतल्या बेकरीत बोलतात तसं. त्याचा बाप स्टुटगार्टला कारखान्यात होता, पोरगं तिथेच शाळा शिकलं, मग सगळे परत आले.

"कुठल्या हॉलमध्ये होतात, शेफ?" त्यानं विचारलं. तिकडे कामगार एकमेकांना असंच म्हणतात, शेफ.

सांगितलं. तो म्हणाला, "माझा बाप रंगाच्या हॉलला. मरेपर्यंत खोकत होता." आणि आरशात बघून हसला. मला तो आवडला.

मुलगी पुढे बसली, मी मागे डावीकडे. गावाबाहेर पडलो आणि पहिल्या पाच मिनिटांत मला ऐकू आलं. घूंऽऽ. खालून, माझ्या बुडाखालून. मी काही बोललो नाही.

त्यानं आधी आम्हाला एका झाडीत नेलं. तिथे एक पुतळा जमिनीवर उताणा पडलाय. संगमरवरी, माणसाच्या तिपटीचा असेल. घडवत असताना पाय मोडला म्हणून कारागिरांनी तिथेच टाकून दिला. अडीच हजारांवर वर्षं झाली, असं गाईड म्हणाला.

"आउसशुस," मी म्हटलं. कारखान्यात नापास मालाला म्हणतात.

"गेनाऊ, अगदी बरोबर, शेफ! नापास."

"बघ," मी मुलीला म्हटलं, "इतकी वर्षं पडलाय बिचारा. कुणी उचलून एश्बॉर्नला नेला नाही."

गाईड खो खो हसला. मुलगी हसली नाही. तिनं फोटो काढला. पुतळ्याचा, माझा नाही.

तिथून गाडी डोंगराकडे वळली. ऑलिव्हची झाडं, दगडी बांध, बांधांवर शेळ्या. गाईड सांगत होता, इथला बटाटा साऱ्या ग्रीसमध्ये नावाजलेला, पुढच्या गावात लिंबासारख्या फळाच्या पानांची दारू करतात, वरच्या गावातल्या पायऱ्या संगमरवरी आहेत. माझं लक्ष नव्हतं. चढ लागला, वळणं लागली. उजव्या वळणावर भार डावीकडे येतो. प्रत्येक उजव्या वळणाला आवाज वाढतोय असं मला वाटलं. मागचं डावं चाक. बेअरिंग.

"तुझं मागचं बेअरिंग गेलंय," मी म्हटलं.

"नाही हो शेफ. दोन महिन्यांपूर्वी तपासणी झाली."

"तपासणी तर माझ्या बायकोची पण झाली होती..." मी बोलून गेलो आणि थांबलो. पण मुलीला कळायचं ते कळलं.

मुलगी मागे वळली. "बाबा, प्लीज. मला काही ऐकू येत नाहीये."

"तुला कधी काय ऐकू आलंय?"

"हे बघा, आता हे सुरू करू नका."

"गाडी थांबव," मी गाईडला म्हटलं.

"इथे? घाटात?"

"इथे. नाहीतर मी दार उघडतो."

आणि मी दाराच्या कडीला हात घातला. शहाण्यासारखं नव्हतं ते, मला मान्य आहे. पण एकदा गप्प बसून मी काय केलं ते मला माहीत होतं. दुसऱ्यांदा बसणार नव्हतो. चालत्या गाडीतून उडी मारावी लागली असती तरी नाही.

त्यानं गाडी कडेला घेतली. खाली उतरलो, चाकाला हात लावून पाहिला. गरम होतं, पण घाट चढलेलं चाक गरम असणारच. मुलगी बांधावर बसली आणि हात चेहऱ्यावर धरून म्हणाली, "शेवटची टूर. देवा, ही शेवटची टूर."

"मी पायी जातो," मी म्हटलं.

"कुठे?"

"खाली. कुठेही. या गाडीत नाही."

गाईड मधे पडला. वरच्या गावात त्याच्या ओळखीचं गॅरेज होतं, तीन किलोमीटर. तो म्हणाला, वीसच्या वर जात नाही, जॅक लावून बघू, बेअरिंग असेल तर जेवण माझ्याकडून. मी बसलो. मुलगी या वेळी मागे माझ्याशेजारी बसली, बहुतेक दारावर लक्ष ठेवायला.

गॅरेज म्हणजे एक शेड आणि त्यात एक जाडजूड माणूस, हाताला ग्रीस, कानाला पेन्सिल. भाषा येत नव्हती, पण मी चाकाकडे बोट करून तोंडानं आवाज काढला, घूंऽऽ, आणि तो लगेच मान हलवायला लागला. गॅरेजवाल्याला जगात कुठेही तेवढं पुरतं. त्यानं गाडी उचलली. चाक हातानं फिरवलं आणि स्प्रिंगवर बोटं टेकली; बेअरिंग खराब असलं की बोटांना थरथर लागते. मग मला खुणेनं बोलावलं. मी बोटं टेकली.

काही नाही. चाक लोण्यासारखं फिरत होतं.

त्यानं माझा हात धरून टायरवर फिरवला. टायर लाटालाटांनी झिजला होता, उंच, खोल, उंच, खोल. अशा टायरचा आवाज बेअरिंगसारखाच येतो. शिकाऊ पोरंसुद्धा यात एकदा फसतात. मी एकोणीस वर्षं इतरांना सांगत आलो की ओळखायचं कसं: रस्ता बदलला की टायरचा आवाज बदलतो, बेअरिंगचा बदलत नाही. आणि मघाशी घाटाखाली नव्या डांबराचा एक पट्टा लागला होता, तेव्हा आवाज अगदी मऊ झाला होता. मला ते ऐकू आलं होतं. मी ते सोडून दिलं. मला बेअरिंग हवं होतं.

गाईडनं विचारलं. गॅरेजवाल्यानं सांगितलं. गाईड म्हणाला, "टायर महिन्याभरात बदल म्हणतो. धोका काही नाही, शेफ."

मी म्हटलं, "चुकलो."

तो चहा सांगायला जातो असं म्हणून निघून गेला. भला माणूस.

शेडबाहेर एक बाकडं होतं, त्यावर आम्ही दोघं बसलो. मुलगी जिंकली होती आणि तिला ते कळत होतं, पण तिचा आवाज चढला नाही. हळूच म्हणाली, "म्हणून मी म्हणते, बाबा. तुम्ही घाटात दार उघडायला निघाला होतात. काही नसताना. घरी एकटे असताना असं काही केलंत तर?"

"करीन."

"जिन्यात पडलात तर?"

"पडीन."

"पडलात तर तुमची हाक कुणाला ऐकू जाणार? सांगा ना. कोण ऐकणार?"

याचं उत्तर माझ्याकडे आठ महिने तयार होतं आणि मी ते कुणाला दिलं नव्हतं.

"तुझी आई एकटी होती का?" मी म्हटलं. "मी शेजारच्या खुर्चीत होतो. चोवीस तास. तुझ्या लाल बटणापेक्षा जवळ. ऐकतच होतो मी, दुसरं काही करत नव्हतो. दोन आठवडे ऐकलं. वाचली का?"

तिनं पर्सचा बंद मुठीत धरला.

"ऐकणारा असला म्हणून माणूस वाचत नाही. मला हे सांगायला कुणी एश्बॉर्नहून येऊ नये. मला माहितीये."

मग ती रडली. तोंडावर रुमाल घेऊन, खांदे हलवत, तिच्या आईसारखी. रडता रडता मराठीत म्हणाली, "मी तुम्हाला म्हटलं होतं ना, तो डॉक्टर आहे, तुम्ही नाही. मला झोप येत नाही त्यानं."

हे मला माहीत नव्हतं. आठ महिने मला वाटत होतं की तिला माझी काळजी आहे. काळजी होतीच. पण सोबत हेही होतं, आणि त्या तळमजल्यावरच्या खोलीनं तिला ते फेडून टाकायचं होतं. मला कळवळा आला. मी तिच्या पाठीवर हात फिरवला, लहानपणी फिरवायचो तसा. पण कळवळा आला म्हणून मी सही करणार नव्हतो. बापाची खोली बदलून पोरीला झोप लागत नसते.

"तू म्हणालीस ते कुणीही म्हणालं असतं," मी म्हटलं. "तिनं स्वतः म्हटलं. मीच ऐकायला नको होतं तुमचं तिघांचं. तो माझा दोष आहे, तुझा नाही. आणि माझा दोष मी माझ्या घरात ठेवणार. तिथे तिची खुर्ची आहे. आज चुकलो, उद्या पण चुकेन. चुकायला माणसाला स्वतःची जागा लागते."

"तुम्ही हट्टी आहात."

"आहे."

त्या खोल्यांच्या ऑफिसमधल्या बाईनं मला आधी दोनदा फोन केला होता, नंबर माझ्या मोबाईलमध्ये होता. मी तिथेच बाकड्यावरून लावला. मुलीनं मला अडवलं नाही, हे मी तिच्या बाजूनं लिहून ठेवतो. बाईला मी माझ्या जर्मनमध्ये सांगितलं, जसं येतं तसं: नमस्कार, मी तो भारतीय, खोली मला नको, पुढच्याला द्या. तिनं विचारलं, आपला निर्णय नक्की आहे का, नंतर जागा मिळेलच असं नाही.

"हो," मी म्हटलं. "नक्की."

मुलीनं रुमाल पर्समध्ये कोंबला, करारनाम्याच्या वर. गाईड तीन कप घेऊन आला. म्हणाला, की उशीर झालाय, आता संगमरवरी पायऱ्यांचं गाव सोडावं लागेल, सरळ हॉटेलला जाऊ.

"का सोडायचं?" मी म्हटलं. "पायऱ्या किती आहेत?"

"खूप आहेत, शेफ. तुमचे गुडघे..."

मुलगी उठली, पर्स खांद्याला लावली आणि त्याला श्वाबिशमध्ये म्हणाली, "ते त्यांना सांगून उपयोग नाही. चला."