भावाच्या टीममध्ये

आमच्या विद्यानगरच्या घरात कॉम्प्युटर आला तो माझ्या भावाच्या हट्टामुळे. तो माझ्याहून सात वर्षांनी धाकटा. तो शाळेत असतानाच आई गेली, त्यामुळे त्याच्या डब्यापासून परीक्षेपर्यंत सगळं मीच पाहिलेलं. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते, लग्न केलं नव्हतं. वडील कोर्टातल्या नोकरीतून निवृत्त होऊन घरी होते. ते दिवसच असे होते की हैदराबादेत ज्याला त्याला कॉम्प्युटरचा कोर्स करायचा होता. सरकारी नोकरीत तीन पिढ्या काढलेल्या आमच्यासारख्या घरांतली मुलंही अमेरिकेच्या गोष्टी करायला लागली होती. भावाने इंजिनिअरिंग केलं, अमीरपेठेत एक कोर्स केला आणि तो अमेरिकेला गेला.

दीड वर्षाने सुट्टीवर आला तेव्हा त्याने कॉम्प्युटर घेतला, फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडलं आणि मला ई-मेल लिहायला शिकवलं. परत जायच्या आदल्या दिवशी त्याने त्यात आणखी एक प्रोग्राम टाकला. तिकडच्या एका विद्यापीठातले शास्त्रज्ञ आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपत होते. त्यात कुठे परग्रहावरच्या कुणाचा संदेश आहे का, हे शोधायला लागणारी आकडेमोड त्यांच्या एकट्यांच्या आवाक्यातली नव्हती. म्हणून ते त्या लहरींचे लहान लहान तुकडे करून जगभरच्या लोकांना वाटत. आपला कॉम्प्युटर रिकामा असला की तो तुकडा तपासायचा आणि निकाल परत पाठवायचा.

वडील खुर्ची ओढून पाहत बसले होते. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं, मराठीतही निम्मे शब्द उर्दू, पत्राला ते खत म्हणत.

"म्हणजे अस्मानातून कुणाचा पैगाम आला तर तो आपल्या घरी कळणार?"

"कळू शकतो, बाबा."

"तुझ्या खताला इथे यायला पंधरा दिवस लागतात," वडील म्हणाले. "त्यांच्या खताला किती लागतील?"

भाऊ हसला आणि मला म्हणाला, "ताई, तुला आमच्या टीममध्ये टाकतो. आम्ही इथलीच कॉलेजची पोरं आहोत, आता सगळी इकडेतिकडे पांगलेली."

"टीम कशाला? काम तर मशीन करणार."

"एकटी राहिलीस तर लाखो लोकांत तुझं नाव कुठे ते तुलाही सापडणार नाही. टीममध्ये माझ्या खाली दिसेल."

तो गेल्यावर मी दर रविवारी सकाळी टीमचं पान उघडायला लागले. वीसेक नावं होती. समोर कुणी किती तुकडे तपासले तो आकडा. भाऊ नेहमी वरच्या दोघा-तिघांत असे, कारण तो ऑफिसमधल्या बऱ्याच मशीनवर तो प्रोग्राम चालवायचा. मी शेवटून दुसरी. आमच्याकडे वीज जायची, एकेका तुकड्याला दोन-तीन दिवस लागायचे. पण आकडा एकाने जरी वाढला तरी बरं वाटायचं. वडील विचारायचे, "आपल्या साहेबजाद्यांचे किती झाले?" मी आकडा सांगायचे. फोन महाग होता, भावाचे ई-मेल आणि पत्रं कमी होत चालली होती. तो ठीक आहे, कामावर जातो आहे, हे आम्हाला त्या आकड्यावरून कळायचं.

त्या टीमच्या पानावर एकदा कुणीतरी सगळ्यांना विचारलं होतं की तुम्ही टीममध्ये का आलात? एकाने लिहिलं, शर्यतीची मजा येते. एकाने लिहिलं, दुसऱ्या शहराच्या टीमला हरवायचंय. एकजण म्हणाला, परदेशात एकटं वाटतं, इथे आपली माणसं दिसतात. मी दोन ओळी लिहिल्या आणि न पाठवताच पुसून टाकल्या. आकाशात कुणी आहे की नाही याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं, हे तिथे लिहिणं मला बरं वाटेना.

पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता वडील आजारी पडले. आधी साधा ताप वाटला, मग फुप्फुसात पाणी झालं. दवाखान्यात अकरा दिवस काढले. मी भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, आता निघता येणार नाही. व्हिसाचं अडकलंय. निघालो तर परत येऊ देणार नाहीत."

"ते तुझं नाव घेतायत."

तो म्हणाला, "बघतो."

वडील बाराव्या दिवशी सकाळी गेले. अग्नी मी दिला. भटजींनी आधी कां-कूं केलं, मग शेजारच्या वकीलकाकांनी त्यांना बाजूला नेऊन समजावलं. दुपारी भावाचा फोन आला तेव्हा मी म्हणाले, "आता येऊ नकोस. यायचं कारण उरलं नाही." मी रिसीव्हर ठेवून दिला. त्यानंतर त्याचे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. मग तेही थांबले.

महिन्याभराने, घर आवरून झाल्यावर, मी टीमचं पान उघडलं. भावाचा आकडा होता तिथेच होता. त्याच्या नावावर क्लिक केलं की शेवटचा निकाल कधी आला ती तारीख दिसायची. ती वडील जायच्या तीन आठवडे आधीची होती. मी जन्मभर मुलींना तक्ते वाचायला शिकवलेली बाई. मी त्या तारखेचा अर्थ लावला की वडील आजारी पडण्याआधीच याचं मन आमच्यावरून उडालं होतं. साधा हा प्रोग्राम चालू ठेवणंही त्याच्याच्याने होईना.

टीम सोडायचं बटण तिथेच खाली होतं. मी त्यावर माउसचा बाणही नेला. पण सोडलं असतं तर माझं नाव त्याच्यापासून वेगळं झालं असतं, आणि मग आम्ही दोघं एकत्र कुठेच लिहिलेली राहिलो नसतो. रेशनकार्डावरून त्याचं नाव केव्हाच कमी झालं होतं. मी पान बंद केलं. कॉम्प्युटर चालूच ठेवला. हळूहळू इतर नावांचे आकडेही थांबत गेले, आणि काहीएक न करता मी त्याच्या आकड्याच्या जवळ सरकत राहिले. मला त्याची मजा वाटत नव्हती.

सात-आठ महिन्यांनी दारावर एक तरुण आला. टीमच्या यादीत त्याचं नाव मी दर रविवारी पाहिलेलं, चेहरा पहिल्यांदा पाहत होते. तिकडची नोकरी गेली म्हणून तो परत आला होता. वडिलांचं कळलं, म्हणून भेटायला आलो, म्हणाला. मी चहा केला. भावाचा विषय निघाल्यावर मी इतकंच म्हणाले की त्याला यायला जमलं नाही.

"कैसे आता दीदी," तो म्हणाला. "उसकी नौकरी तो पहलेच गई थी ना. एकीच दिन में पूरे डिपार्टमेंट को निकाल दिए. आपको नहीं मालूम?"

मी कुठल्या दिवशी ते विचारलं. त्याला तारीख नेमकी आठवत नव्हती, महिना आठवत होता. मला तारीख ठाऊक होती. ऑफिसची मशीनं हातची गेली त्याच दिवशी आकडा थांबला होता. नवी नोकरी मिळाल्याशिवाय देशाबाहेर पाऊल टाकलं असतं तर परतीचा रस्ता बंद. भाऊ एका मित्राच्या खोलीत गादी टाकून राहत होता आणि अर्ज करत होता, असं त्या तरुणाने सांगितलं. आणि मी त्या सगळ्या दिवसांत ती तारीख पुन्हा पुन्हा पाहिली होती.

त्या तरुणाकडून नंबर घेऊन मी दुसऱ्या दिवशी फोन लावला.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"बाबा दवाखान्यात होते, ताई. तुला काय सांगणार होतो? नोकरी गेली म्हणून?"

"मला सांगायचं होतंस."

"तू म्हणालीस, येऊ नकोस."

मी त्याला जेवतोस का, तिकडे उकाडा आहे का, असलं काहीतरी विचारत राहिले. तो हो, नाही म्हणत राहिला.

पुढच्या वर्षी तो कायमचा परत आला आणि बंगळूरला नोकरीला लागला. जाण्याआधी चार दिवस माझ्याकडे राहिला. एका सकाळी म्हणाला, बाबा वाचायला जायचे तिथे जाऊ. आम्ही रिक्षाने अफझलगंजला गेलो. मोठ्या ग्रंथालयाच्या वाचनकक्षात म्हातारी माणसं उर्दू वर्तमानपत्रं घेऊन बसली होती. वडील कोणत्या बाकावर बसायचे हे मला माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं. एका रिकाम्या बाकावर आम्ही थोडा वेळ बसलो. त्याने समोरचं वर्तमानपत्र उघडलं. लिपी आम्हा दोघांनाही येत नव्हती, तरी तो पानं उलटत राहिला.

"ते खूप विचारत होते का?" त्याने खाली पाहत विचारलं.

खोटं बोलायची ती वेळ होती. मला जमलं नाही. "हो," मी म्हणाले.

त्याने वर्तमानपत्राची घडी घातली, जागेवर ठेवली, आणि आम्ही बाहेर पडलो.

आता त्याचं बंगळूरला घर आहे, एक मुलगी आहे. ती माझ्याशी हिंदी-इंग्रजी मिसळून बोलते. दर रविवारी फोन येतो, तब्येत, पाऊस, मुलीची शाळा. त्या महिन्याबद्दल आम्ही दोघं पुन्हा बोललो नाही. तो पहिला कॉम्प्युटर मदरबोर्ड जळून बंद पडला आणि मी दुरुस्त केला नाही.