यांचा आवाज कार्डात होता

आमच्या घरात मला हाक येते ती चमच्याने. हे पलंगावर बसून स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवतात. एकदा वाजवला तर पाणी, सारखा वाजवत राहिले तर लवकर ये. गळ्याचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढून टाकलं, तेव्हापासून यांना आवाज नाही. माणूस समोर आहे, जेवतो, चिडतो, हसतोसुद्धा, पण त्यातलं काही ऐकू येत नाही. कोणाजवळ हा विषय निघाला की लोक म्हणतात, जीव वाचला ना. वाचला. देवापुढे मीही रोज तेच म्हणते. आवाजाचं दुःख मात्र कोणापुढे काढता येत नाही, म्हणून इथे लिहिते. हे कोणाला दाखवायचं नाही.

आम्ही सांगलीकडचे. यांची नोकरी केंद्र सरकारची, तिच्यामुळे चंदीगढला आलो आणि इथल्याच क्वार्टरमध्ये संसार झाला. माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यात स्वभाव भित्रा. शेजारच्या पंजाबी बायका चांगल्या आहेत, "भाभीजी, आओ बैठो" म्हणतात, पण मला चार वाक्यांपुढे हिंदी जमत नाही, मी हसून घरात येते. मुलाला मराठी सगळी कळते, पण तो बोलतो हिंदीत. म्हणजे या गावात माझ्याशी मराठी बोलणारा आवाज एकच होता, यांचा. दार उघडल्या उघडल्या "अगं, ऐकलंस का?" म्हणायचे आणि पुढे ऑफिसातलं कायतरी सांगत सुटायचे. तेव्हा मी म्हणायची, अहो आधी चपला तरी काढा.

डॉक्टरांनी आवाज जाणार असं सांगितलं, तेव्हा मुलगा म्हणाला, "पापा का सब रेकॉर्ड कर लेते हैं." तो मोहालीत मोबाईलची ॲप बनवणाऱ्या कंपनीत आहे. माझा फोन जुना, त्यातली जागा संपलेली. जरा काही रेकॉर्ड केलं की इंग्रजीत काहीतरी सांगून बंद पडायचा. नेटवर ठेवायला हे तयार नव्हते. "माझं आजारपण तिकडं कशाला?" म्हणाले. मग मुलाने माझ्यासाठी एक ॲप बनवलं. लाल गोल दाबला की चित्र आणि आवाज दोन्हींचं रेकॉर्डिंग सुरू, परत दाबलं की बंद, आणि केलेलं सगळं फोनमध्ये न जाता थेट कार्डात. कार्ड म्हणजे नखाएवढा काळा तुकडा, फोनच्या कडेला आत बसतो. मला मराठीच वाचता येतं, म्हणून ॲपमधले शब्द त्याने मलाच विचारले.

"आई, सेव्ह हो गया, इसको क्या बोलूं?"

"ठेवलं म्हण."

"कहाँ ठेवलं?"

"कार्डात ठेवलं."

"और कार्ड फुल हो गया तो?"

"कार्ड भरलं. आता जागा नाही."

हे पलंगावरून म्हणाले, "हिला घ्या की तुमच्या कंपनीत. चौथी पास इंजिनियर!" मी लाजून आत गेले. पण मनातून बरं वाटलं होतं. ऑपरेशनच्या आधी पुष्कळ रेकॉर्डिंग केलं. गावातली भांडणं, यांच्या आईच्या हातच्या आमटीचं कौतुक, गॅलरीतल्या कबुतरांना घातलेल्या शिव्या, भाजीवाल्याशी सांगलीच्या वळणाच्या हिंदीत केलेली घासाघीस. प्रत्येक वेळी खाली माझेच शब्द यायचे, "कार्डात ठेवलं."

एका संध्याकाळी मुलगा म्हणाला, "पापा, एक बार आई को नाम से बुलाओ." आमच्याकडे नवरे बायकोला नावाने हाक मारत नाहीत. लग्नात बायकांनी दार अडवलं होतं म्हणून यांनी नाव घेतलं, त्यानंतर कधीच नाही. अगं आणि ऐकलंस का, एवढ्यावर इतकी वर्षं गेली. हे खाकरले. म्हणाले, "लेका, वय काय माझं, आणि करायला काय लावतोस!" मग माझ्याकडे न बघता माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं आणि माझं नाव उच्चारलं. एकदाच. घसा बसलेला होता, तरी नाव स्वच्छ आलं. लगेच म्हणाले, "झालं? बास की आता." चित्र वाकडं आलं.  मी लाल गोल परत दाबला, खाली आलं, "कार्डात ठेवलं."

ऑपरेशन झालं. हे घरी आले. स्वयंपाक करताना एक्झॉस्ट पंखा लावून, त्याच्या घरघरीत फोन कानाला धरून मी ते नाव ऐकायची. बाकीचं फारसं नाही, तेवढंच. पंखा असला की बाहेर ऐकू जात नाही. यांना त्रास व्हायला नको होता आणि मुलाला कळायलाही नको होतं.

नंतर मुलाला नवा लॅपटॉप मिळाला. तो म्हणाला, सगळं एकाच जागी नको, फोन बिघडला तर काय करायचं? पापाचा आवाज पेन ड्राईव्हवरही ठेवू. त्यासाठी त्याने ॲप सुधारलं. पण नव्या लॅपटॉपवर केलेलं ॲप माझ्या फोनमधल्या जुन्यावर बसेना. फोनला ते दुसऱ्या कोणाचं तरी वाटत होतं. "पुराना निकालना पड़ेगा," तो म्हणाला.

मी विचारलं, "आतलं जाणार नाही ना रे?"

"अंदर कुछ है ही नहीं, आई. सब कार्ड में है. कार्ड अलग चीज है. पक्का."

त्याने जुनं काढलं, नवं बसवलं. नव्यात जुनी रेकॉर्डिंग दिसत नव्हती. तो म्हणाला, जुन्यांची यादी अजून जोडलेली नाही, रविवारी जोडतो. तोवर कार्ड भरल्यावर ॲप नीट सांगतं का, तेवढं बघ. फोन कुठेतरी ठेव आणि रेकॉर्डिंग चालू राहू दे.

मी फोन चार्जरला लावून खिडकीत ठेवला. खिडकीतून रस्ता दिसतो, अमलताशची, म्हणजे आपल्या बहाव्याची झाडं, खाली लावलेल्या स्कूटर. दिवसभर रस्ता रेकॉर्ड होत राहिला. यांचं एवढं बोलणं आधीच आत आहे, कार्ड लवकर भरेल असं मला वाटलं होतं, पण ते भरता भरेना. दुसऱ्या दिवशी दुपारी भरलं. "कार्ड भरलं. आता जागा नाही." मला लहान मुलासारखा आनंद झाला. मी मुलाला ऑफिसात फोन करून सांगितलं.

"शाब्बास, आई! परफेक्ट!" म्हणाला.

रविवारी त्याने पेन ड्राईव्ह काढला आणि कार्ड लॅपटॉपला लावलं. आत रस्ता होता. पुढेही रस्ताच होता. तो खाली खाली जात राहिला, परत वर आला. त्याचे कान लाल झाले. 

मग त्याने मला समजावलं. कार्डावर प्रत्येक ॲपला स्वतःची एक खोली मिळते. कोणाची परवानगी लागत नाही, सोपं पडतं, म्हणून त्याने सगळं त्या खोलीत ठेवलं होतं. ॲप काढलं की फोन ती खोली रिकामी करून टाकतो. "आपल्या क्वार्टरसारखं," तो चक्क मराठीत म्हणाला. "नोकरी गेली की क्वार्टर जातं."

"पण सामान आपलं असतं ना रे," मी म्हटलं.



पुसलेलं पुष्कळदा परत मिळतं म्हणे, त्याच्यावर दुसरं काही लिहिलेलं नसलं तर. आम्ही त्याच्यावर रस्ता लिहिला होता, जागा संपेपर्यंत. मुलाने घरी प्रयत्न केले, ऑफिसातल्या लोकांना दाखवलं. दोन-चार चित्रं निघाली. कपाळ आणि डोळे यांचे, खाली सगळं करडं. आवाज एकातही नव्हता.

मुलगा यांच्या पायाशी बसून रडला. एवढा मोठा झाल्यावर मी त्याला रडताना बघितलं नव्हतं. यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने फोनवर लिहून दाखवलं, "रस्ता तरी नीट आलाय का?" तो रडता रडता हसला. हेही हसले, आवाज न करता, खांदे हलवत.

नंतर तो माझ्याजवळ आला. "आई, त्यात… सबसे जरूरी काय होतं?"

"काही नाही रे. गप्पाच होत्या," मी म्हटलं. "ते समोर बसलेत ना." मला ते नाव त्याच्यापुढे काढता आलं नाही. काढलं असतं तर तो आयुष्यभर तेच घेऊन बसला असता.

आता नवं ॲप चांगलं चालतं. कार्डात ठेवतं, पेन ड्राईव्हवरही ठेवतं, ॲप काढलं तरी राहतं. मुलाने तीन-तीनदा तपासलं. फक्त ठेवायचं होतं ते राहिलं नाही.

यांचं खाकरणं मला आठवतं, "बास की आता" आठवतं, वाकडं आलेलं चित्र आठवतं. शब्द सगळे आठवतात, आवाज येत नाही. काल भाजी परतताना पंख्याच्या घरघरीत मी माझं नाव यांच्यासारखं म्हणून बघत होते. खालच्या सुरात, घसा बसल्यासारखं. ते माझ्याच आवाजात आलं. परत म्हटलं, परत तसंच.

वळून बघितलं तर हे दारात उभे होते, हातात रिकामा पेला. केव्हापासून उभे होते कोण जाणे. मला इतकी लाज वाटली की मी पदराने तोंड पुसत राहिले. हे आत आले. पेला ओट्यावर ठेवला. आता यांचे ओठ मला वाचता येतात. चहा, पाणी, औषध, सगळं कळतं. ओठ हलले. माझं नाव होतं.

नीट ऐकू यावं म्हणून मी घाईघाईने पंखा बंद केला.