जानव्यातली किल्ली

भावनगरच्या जयसुखराय भट्टांच्या जानव्याला दोन किल्ल्या असत, एक तिजोरीची आणि एक टेलिफोनची. तिजोरीत फारसं काही नव्हतं. खरा रुबाब दुसरीचा. स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलेल्या काळ्या फोनच्या तबकडीत त्यांनी इवलंसं कुलूप अडकवलं होतं, मुलाच्या, परेशच्या लग्नापासून. त्या लग्नात परेशचा मामा महिपत मामेरं, म्हणजे मामाकडचा आहेर, घेऊन उशिरा आला आणि शिवाय चारचौघांत हसला. झालं! या घरातून त्या माणसाला फोन जाणार नाही, असं जयसुखरायांनी फर्मान काढलं. हा फोन महिपतनंच, टेलिफोन खात्यात असताना, खटपट करून मिळवून दिला होता. पण रागाला कुठली आठवण?

त्यांच्या बायकोनं, कांचनगौरींनी, ब्र काढला नाही. भावाच्या दारात पाऊलही टाकलं नाही. घरात आपला शब्द चालतो, या समाधानात जयसुखराय रोज पूजेला बसत. बाहेरून टकटक ऐकू येई. बायको चहासाठी आलं ठेचतेय, असं समजून ते घंटा हलवत.

यंदा परेशनं दोघांना मोबाइल आणले. जुनी लाईन उद्या बंद होणार, हे डबडं भंगारात टाकू, असं तो सहज बोलून गेला. जयसुखरायांना उगाचच गलबलून आलं. आता किती ताणायचं, असं वाटलं. पूजा आटोपून ते उघड्या अंगानंच फोनपाशी आले आणि मोठ्या मनानं म्हणाले, "कांचन, आज तुझ्या भावाला फोन कर. माझी परवानगी आहे."

किल्ली कुलपात गेली, पण फिरेना. बाहेरही येईना. किल्ली कुलपात, जानवं किल्लीत आणि जानव्यात जयसुखराय, असे ते वाकून अडकले.

"राहू द्या हो," म्हणत कांचनगौरींनी रिसीव्हर उचलला आणि तो ज्या खटक्यावर ठेवतात, तो बोटानं टकटक दाबू लागल्या. जेवढा आकडा तेवढ्या वेळा टकटक, जरा थांबत, पुढच्या आकड्याची पुन्हा टकटक. तबकडी जागची हलली नाही, तरी फोन लागला.

"महिपत, मीच. उद्यापासून हा फोन नाही रे."

ही टकटक जयसुखरायांच्या ओळखीची होती. आणि चहात आलं कधीच नव्हतं.

"हे तुला शिकवलं कोणी?"

"त्यानंच. फोन आला त्या दिवशी, गंमत म्हणून."

"आणि कधीपासून चाललंय?"

"तुम्ही कुलूप घातलंत, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. घ्या, बोला."

क्षमेचे चार शब्द त्यांनी पूजेतच जुळवून ठेवले होते. वाकल्या वाकल्याच त्यांनी रिसीव्हर कानाला लावला.

"जयसुखभाई," पलीकडून महिपत म्हणाला, "गुडघा कसा आहे? जिना चढवत नाही, म्हणत होती."

गुडघ्याचं त्यांनी बायकोखेरीज कुणालाच सांगितलं नव्हतं. परेशलासुद्धा नाही.

"बरा आहे," ते कसेबसे म्हणाले.

"मी पाठवलेलं तेल संपत आलं असेल. आणखी पाठवू?"

ते तेल वैद्याचं म्हणून जयसुखराय रोज चोळत होते. त्यांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. ती चहाचं आधण ठेवायला आत गेली होती.

"पाठवा," ते म्हणाले.